पडद्यावरचे गांधी आणि आपली माणसे

३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर (२०२२ पासून या रस्त्याचे नाव कर्तव्यपथ झाले आहे) सुमारे तीन लाख माणसे एका चित्रपटासाठी जमली होती. बरोबर तेहतीस वर्षांपूर्वी, त्याच तारखेस, त्याच रस्त्याने गांधींची अंत्ययात्रा गेली होती. जमलेल्यांपैकी दोन लाखांच्या आसपास लोक आपण होऊन आले होते. उरलेल्यांना अल्पसा मोबदला होता. अकरा कॅमेऱ्यांनी त्या सकाळी जे टिपले, त्यातले दोन मिनिटांहून थोडेसेच अधिक चित्रपटात उरले आहे. रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ ज्यांनी पाहिला, त्यांना बाकीचे काही आठवो न आठवो, ही गर्दी हटकून आठवते.

या चित्रपटावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. ३० नोव्हेंबर १९८२ रोजी दिल्लीत त्याचा पहिला खेळ झाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्यास आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्याची थोरवी आणि त्याच्या उणिवा या दोन्हींचा हिशेब जाणत्या समीक्षकांनी मांडलेला आहे. आम्ही येथे मांडतो आहोत तो हिशेब निराळा, आणि काहीसा घरगुती आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना हा चित्रपट पाहताना जे वाटले, ते मोकळेपणाने बोलले गेले नाही, असे आम्हांस वाटत आले आहे.

आमचे घराणे इंदुरातले, चार पिढ्यांचे. आजोबा कट्टर टिळकपक्षीय. बैठकीत लोकमान्यांची तसबीर होती; गांधींची नव्हती, आणि ती नसण्यात काही वावगे आहे असे कोणास वाटतही नव्हते. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री मारेकऱ्याचे नाव कळले आणि दुसऱ्याच दिवशी बाजारातून गांधींची एक रंगीत तसबीर आणून रस्त्यावरून दिसेल अशी ओसरीच्या भिंतीवर टांगली गेली. आमच्या आळीत काहीही झाले नाही. पण सातारा-कोल्हापूरकडच्या आप्तांची पत्रे येऊ लागली होती. घरे जळाल्याची, रातोरात गाव सोडल्याची. ती तसबीर भक्तीने लागली नव्हती, भीतीने लागली होती. पुढे भीती ओसरली, तसबीर मात्र कोणी उतरवली नाही. आमच्या पिढीने गांधींना प्रथम पाहिले ते त्या भिंतीवर, आणि तिच्यामागची कथा कळली ती फार उशिरा.

१९८३ च्या उन्हाळ्यात आम्ही चित्रपटाची हिंदी आवृत्ती पाहण्यास गेलो तेव्हा सोबत आमची आत्या होती. चित्रपटाचा आरंभच हत्येने होतो. गर्दीतून वाट काढीत एक तरुण पुढे येतो, हात जोडतो, आणि गोळ्या झाडतो. आत्याने त्या वेळी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. घरी परतल्यावर पाणी पिऊन झाल्यावर ती एवढेच म्हणाली, “आपले दोघेच दिसले रे. एक गोखले, आणि एक तो.”

हे वाक्य आमच्या मनातून गेली चाळीस वर्षे गेलेले नाही. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठीच हा लेख.

आधी चित्रपटाच्या जन्माविषयी थोडे सांगावयास हवे. लंडनमधील भारतीय उच्चायुक्त कार्यालयातले एक अधिकारी मोतीलाल कोठारी यांनी १९६२ साली ॲटनबरोंना गाठले आणि लुई फिशर यांनी लिहिलेले गांधीचरित्र वाचावयास दिले. पुढल्या वर्षी ॲटनबरो पंडित नेहरूंना भेटले. गांधींना देव करू नका, त्यांचे माणूसपणच त्याहून मोठे आहे, अशा आशयाचा सल्ला नेहरूंनी दिल्याचे ते पुढे वारंवार सांगत. नेहरू १९६४ मध्ये गेले. कोठारी १९७० मध्ये गेले. पटकथा बदलत गेल्या, पैसा जुळेना. अखेर जॉन ब्रायली यांची पटकथा ठरली आणि २६ नोव्हेंबर १९८० रोजी चित्रीकरणास प्रारंभ झाला. भारताच्या राष्ट्रीय चित्रपट विकास निगमाने त्यात मोठा वाटा उचलला, त्यावरून आपल्याकडे बरेच वादळ उठले. परक्यास आमचा पैसा का, हा प्रश्न तेव्हा रास्त वाटत असे. आज तो मागे पडला आहे.

एक गोष्ट मात्र दिग्दर्शकाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. चित्रपटाच्या आरंभीच तो सांगून टाकतो की, कोणत्याही माणसाचे अवघे आयुष्य एका कथनात मावत नाही. प्रत्येक वर्षास त्याचे वजन देता येत नाही, प्रत्येक माणसास जागा देता येत नाही. तीन तास अकरा मिनिटांत सुमारे पंचावन्न वर्षांचा काळ बसवायचा तर गाळावे लागणारच. तेव्हा अमुक का गाळले, अशी तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही. पण गाळताना जे चित्र शिल्लक राहिले त्याचा आकार कसा झाला, हे पाहण्यास हरकत नसावी.

गोखल्यांपासून आरंभ करू. गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली आहे. छोटीच भूमिका, एका बागेत, समारंभाच्या गर्दीपासून बाजूस होऊन, दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधींस ते देश पाहून येण्यास सांगतात. लागूंच्या चेहऱ्यावरचा तो थकवा खोटा नाही. गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईस उतरले आणि १९ फेब्रुवारीस गोखले गेले. मध्ये पुरते सहा आठवडेही नव्हते. परंतु प्रेक्षकास वाटते की ही दोघांची जवळजवळ पहिलीच भेट असावी. प्रत्यक्षात ओळख १८९६ ची, पुण्यातली. पुढे कलकत्त्यास गांधी महिनाभर गोखल्यांच्या घरी राहिले होते. आणि १९१२ मध्ये गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले, गांधींनी त्यांना साऱ्या वसाहतीत हिंडवले, टॉलस्टॉय फार्मवर नेऊन ठेवले.

त्या दौऱ्यातला एक प्रसंग गांधींनीच लिहून ठेवला आहे, आणि तो चित्रपटात असता तर आपल्या आत्याबाईंचा अर्धा रुसवा तेथेच गेला असता. जोहान्सबर्ग भागात कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू बरेच होते. त्यांच्या सभेत गोखल्यांनी इंग्रजीऐवजी मराठीतून बोलावे, हिंदुस्थानी भाषांतर आपण करू, असा गांधींचा आग्रह होता. गोखले हसले. तुमचे हिंदुस्थानी मी पुरते जोखले आहे, आता तुम्ही मराठीवर हात टाकणार, हे मराठीचे पांडित्य आणले कोठून, अशी त्यांनी थट्टा केली. पण ऐकले, आणि मराठीत बोलले. घरापासून हजारो मैलांवर राहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेतले भाषण ऐकावयास मिळणे म्हणजे काय, हे गांधींना कळले होते. ते आपल्यासारख्यांना निराळे सांगावयास नको.

आता चंपारण. चित्रपटातला हा भाग आम्हांस अतिशय आवडतो. निळीच्या मळेवाल्यांनी पिळलेले शेतकरी, मोतीहारीचे न्यायालय, बाहेर जमलेला मूक समुदाय. विघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, अशी ती ‘तीनकठिया’ पद्धत होती. १८ एप्रिल १९१७ रोजी गांधी न्यायालयात उभे राहिले; पुढल्या वर्षी कायदा होऊन ती पद्धत गेली. पडद्यावर गांधींच्या सोबतीस येतात ते मुख्यतः पाद्री अँड्र्यूज. तेथून कथा पुढे निघून जाते.

प्रत्यक्षात गांधी चंपारणात महिनोन् महिने राहिले, आणि खटला जिंकण्यापेक्षा अवघड काम त्यानंतर सुरू झाले. त्या खेड्यांत शाळा नव्हती, औषध नव्हते, विहिरींभोवती चिखल होता. शिक्षक म्हणून कोण येणार? पगार नव्हता, गावाने द्यावयाचे ते धान्य आणि डोक्यावरचे छप्पर. गांधींनी हाक घातली, आणि आत्मकथेत ते ज्यांची नावे आदराने घेतात त्यांत मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आहेत, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन आहेत, भारत सेवक समाजाचे डॉ. देव आहेत. बेळगावच्या गंगाधरराव देशपांड्यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलीक यांना पाठवून दिले. म्हणजे बेळगावहून निघालेली माणसे नेपाळच्या तराईजवळच्या खेड्यात जाऊन मुलांना शिकवू लागली. १९१७ साली हा प्रवास किती दिवसांचा असेल, याची कल्पनाच करावी.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ मध्ये इंदूरचा. वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त येथे आलेले, मूळचे तासगावचे. तेव्हा त्यांना ‘मुंबईच्या’ म्हणणे बरोबर असले तरी त्या आधी आपल्या आहेत, एवढा अभिमान आम्ही बाळगतो. पती बबन गोखले यांच्यासह त्या बडहरवा येथील शाळेवर राहिल्या. लिहिण्यावाचण्याबरोबर नखे काढणे, अंगण झाडणे, न्हाणे, लहान मुलांची निगा हे सारे त्यांनी शिकवले. बायकांपर्यंत पोचावयाचे तर बायकांनीच गेले पाहिजे, हे गांधींनी ओळखले होते आणि त्यासाठीच त्यांना बोलावले होते.

दुसरी शाळा भितिहरवा येथे. तिच्यावर सोमण आणि कस्तुरबा. गवताच्या झोपडीतली ती शाळा एका रात्री जळाली. मळेवाल्यांच्या माणसांनी जाळली असावी, असा संशय होता. सोमणांनी पक्की इमारत बांधण्याचे मनात घेतले, स्वतः राबू लागले, ते पाहून गावकरी हातभार लावू लागले, आणि विटांचे घर उभे राहिले. बेळगावचा एक वकील आणि कस्तुरबा जळलेल्या शाळेपुढे उभी आहेत, हे दृश्य आम्ही कल्पनेने कितीदा पाहिले आहे.

याच परिसरातली आणखी एक हकीकत. खेड्यातल्या बायकांची वस्त्रे मळलेली पाहून गांधींनी कस्तुरबांना त्याविषयी विचारावयास सांगितले. एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि दाखवले: येथे पेटी नाही, कपाट नाही, अंगावर आहे तेच एक लुगडे, धुवायचे तर नेसायचे काय? चित्रपटात या हकीकतीची छाया एका सुंदर प्रसंगात पडली आहे. नदीकाठी फाटक्या वस्त्रातली एक बाई गांधींना दिसते आणि ते आपले वस्त्र पाण्यावर सोडून देतात. ते वाहत तिच्याकडे जाते. पाहताना डोळे भरून येतात, हे खरे. पण काय झाले पाहा. झोपडीत गेल्या होत्या कस्तुरबा. त्या बाईने दार उघडले होते ते एका बाईसाठी. पडद्यावर ते सारे एका पुरुषाच्या दृष्टीत सामावले.

आम्हांस वाटते, चित्रपटाची रीतच ही आहे. जे पुष्कळांनी मिळून केले ते एकाकडे जाते, आणि तो एक अधिकाधिक एकटा होत जातो. धरासण्याच्या मिठागरावरचा २१ मे १९३० चा प्रसंग घ्या. लाठ्या खात पुढे जाणाऱ्या रांगा चित्रपटात विलक्षण ताकदीने आल्या आहेत. पण तेथे पुढारी म्हणून दिसतात मौलाना आझाद. प्रत्यक्षात गांधींच्या अटकेनंतर धुरा घेतली ती अब्बास तय्यबजींनी. बडोदे संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयातले हे निवृत्त न्यायाधीश तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. त्यांना वाटेतच धरले. मग सरोजिनी नायडू पुढे झाल्या. त्यांच्यासमवेत इमामसाहेब बावाझीर, प्यारेलाल, मणिलाल गांधी होते. बडोद्याच्या आपल्या वाचकांना तय्यबजींचे नाव नवे नसावे. त्याच मे महिन्यात गोव्याच्या सीमेवरल्या शिरोड्यासही मिठाचा सत्याग्रह झाला, हे वेंगुर्ले-पेडण्याकडच्या घरांतून अजून सांगितले जाते. दांडीच्या पदयात्रेत आश्रमाचे गवई पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी त्यांना आश्रमास दिलेले. चित्रपटात भजनांचे सूर येतात, खरे येत नाहीत. आणि बडोद्यात वाढलेले विनोबा? १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहाचे हे पहिले सत्याग्रही. दिल्लीतल्या पहिल्या खेळाच्या पंधराच दिवस आधी, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ते पवनारला गेले. चित्रपटात त्यांनाही जागा मिळालेली नाही.

हे सारे लिहिताना आमच्या लेखणीस जरा जोर चढतो, हे आम्हांस कळते. आपल्या माणसांची यादी करण्यात एक सुख असते. म्हणून त्या यादीस अडचणीची ठरणारी नावेही घेतली पाहिजेत. चित्रपटात डॉ. आंबेडकर नाहीत. १९३२ चे येरवड्यातले उपोषण नाही, २४ सप्टेंबरचा पुणे करार नाही. गांधींना ज्या एका माणसाने समोर बसून, तळापासून प्रश्न विचारला, तोच गाळल्याने पडद्यावरच्या गांधींना खरा प्रतिवादी उरलाच नाही. उरले ते इंग्रज अधिकारी आणि जिना. ही उणीव पुढे एका मराठी दिग्दर्शकाने भरून काढली. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ २००० साली आला. त्याच्याही पाठीशी राष्ट्रीय चित्रपट विकास निगम होता, आणि त्यातले गांधी मोहन गोखल्यांनी केले. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत, असे आम्ही आमच्या तरुण मंडळींना सांगत असतो. फारसे कोणी ऐकत नाही.

पडद्यावर नसलेली आपली माणसे पडद्यामागे मात्र होती. कस्तुरबा केली रोहिणी हट्टंगडींनी. पुण्याच्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या या अभिनेत्रीचे वय तेव्हा तिशीच्या आत, आणि भूमिका तरुण पत्नीपासून चौऱ्याहत्तराव्या वर्षी आगाखान महालात प्राण सोडणाऱ्या वृद्धेपर्यंतची. बेन किंग्जली बोलतात तेव्हा आपण ऐकतो. रोहिणीबाई गप्प असतात तेव्हा आपण पाहतो. आश्रमातील शौचकूप साफ करण्यावरून नवराबायकोत होणारा तो तंटा, आणि नंतरची ती ओशाळी समजूत, एवढ्या एका प्रसंगात कस्तुरबा कोणाची सावली राहत नाहीत. ब्रिटिश चित्रपट अकादमीने त्यांना सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक दिले. आमची आत्या आरंभी मान खाली घालून बसली होती, हे सांगितले. आगाखान महालाच्या दृश्यात ती उघडपणे रडली.

आणि वेषभूषा भानू अथय्यांची, जॉन मोलो यांच्यासह. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. बॅरिस्टरचा सूट, काठेवाडी पागोटे, मग पंचा. गांधींच्या आयुष्याची अर्धी कथा त्यांच्या वस्त्रांत आहे, आणि ती अथय्यांनी सांगितली. त्या कोल्हापूरच्या, पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये. १९४८ च्या जाळपोळीत याच कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला होता. ज्या गावात गांधींच्या नावाने चित्रपटाची रिळे जळाली, त्या गावच्या मुलीने तेहतीस वर्षांनी चित्रपटातल्या गांधींसाठी खादी निवडली. २०१२ मध्ये त्यांनी ते ऑस्कर सुरक्षित राहावे म्हणून अकादमीकडेच परत सोपवले. २०२० मध्ये त्या गेल्या.

राहिला ‘तो’.

चित्रपट त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. तो कोण, कुठला, कोणत्या विचाराने तेथवर आला, याचा उलगडा नाही. आरंभी एक चेहरा, मध्ये गर्दीत एक ओझरते दर्शन, अखेर पुन्हा तोच चेहरा. १९८३ मध्ये आम्हांस यामुळे हायसे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. सभोवतालच्या हिंदी भाषक प्रेक्षकांना त्याचे आडनाव पडद्यावरून पुन्हा शिकवले गेले नाही, हे बरेच झाले, असे आम्ही मनात म्हटले. आज तसे वाटत नाही. गांधींना मारले ते कोणा माथेफिरूने नव्हे, पुण्यात वृत्तपत्र चालवणाऱ्या, वाचत्या-लिहित्या माणसांनी, आपल्याच भाषेत विचार करून. वापरलेले पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवलेले होते, हे खटल्यात पुढे आले. ग्वाल्हेरच्या आमच्या स्नेह्यांना हे वाचून क्लेश होतील. पण ते त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. चित्रपटाने गाळले म्हणून चंपारणच्या शाळा आपण पुन्हा मांडणार असू, तर त्याने गाळलेले हेही आपल्यालाच मांडावे लागेल. सोमण आमचे आणि तो आमचा नव्हे, असा हिशेब इतिहासात चालत नाही. निरपराध माणसांची घरे जाळली गेली तो अन्याय होता. त्या अन्यायाच्या आडोशाने आपण दुसरा प्रश्न चाळीस-पन्नास वर्षे स्वतःस विचारला नाही, हेही खरे.

आत्या १९९१ मध्ये गेली. तिची ट्रंक उघडली तेव्हा खाली, लुगड्यांच्या घडीत, एक जुने पुस्तक निघाले. अवंतिकाबाई गोखल्यांनी लिहिलेले महात्मा गांधींचे चरित्र, १९१८ चे, मराठीतले पहिले. आजोबांच्या घरात ते कसे आले, याचे कोडे पहिली काही पाने उलटताच सुटले. प्रस्तावना लोकमान्यांची होती. आजोबांनी ते टिळकांसाठी घेतले असणार. प्रस्तावनेची पाने कापलेली होती, त्यांवर त्यांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पुढची बरीच पाने जोडलेलीच होती. ती नंतर कोणीतरी, बहुधा स्वयंपाकघरातल्या सुरीने, वेडीवाकडी कापली आहेत.